करड्या दाढीची पलटण : ऐंशीव्या वर्षी शिपाई झालेल्या माणसाची गोष्ट

#धागा #इतिहास #यादवीयुद्ध

१/
नोव्हेंबर १८६२. अमेरिकेतील यादवी युद्धाचे दुसरे वर्ष. आयोवा राज्यात एका नव्या पलटणीची भरती चालू होती. त्या भरतीत कर्टिस किंग नावाच्या इसमाने साधा शिपाई म्हणून आपले नाव नोंदवले. वयाच्या रकान्यात आकडा पडला : ८०. ही लेखनिकाची चूक नव्हती. यादवी युद्धात शिपाई म्हणून दाखल झालेल्यांत किंग हा सर्वांत वयोवृद्ध मानला जातो. आजचा धागा त्याच्याविषयी, आणि त्याच्यासारख्यांनीच भरलेल्या त्याच्या पलटणीविषयी.

२/
ऐंशी या आकड्याचा अर्थ आधी समजून घेऊ. १८६२मध्ये ऐंशी वर्षांचा असलेला मनुष्य १७८२च्या सुमारास जन्मलेला. आपल्याकडे त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने साळबाईचा तह झाला. अमेरिकेची राज्यघटना तेव्हा लिहिली गेलेली नव्हती, ती १७८७ची. म्हणजे किंग आपल्या देशाच्या राज्यघटनेहून वयाने मोठा होता. त्याच राज्यघटनेने बांधलेले संघराज्य फुटू नये, यासाठी तो आता बंदूक मागत होता.

३/
आयोवाचीही थोडी ओळख हवी. १८३२च्या युद्धात सॉक आणि मेस्क्वाकी या मूलनिवासी जमातींचा पराभव झाला, त्यांच्याकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेची जमीन घेतली गेली आणि १८३३पासून ती गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. राज्याचा दर्जा मिळाला १८४६मध्ये. तेव्हा १८६२ साली आयोवातील पन्नाशी-साठीचा कोणताही गोरा शेतकरी हा बाहेरून आलेलाच असणार. एकदा घरदार सोडून, बैलगाडीत संसार भरून, अनोळखी माळरान नांगरलेली ही माणसे. उतारवयात ती दुसऱ्यांदा घर सोडायला निघाली होती.

४/
अशी वेळ का आली? एप्रिल १८६१मध्ये लिंकनने ७५,००० स्वयंसेवक मागितले, तेही केवळ तीन महिन्यांसाठी. युद्ध तेवढ्यात आटोपेल असा समज होता. एप्रिल १८६२मध्ये शायलोच्या दोन दिवसांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून २३,०००हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले आणि तो समज संपला. त्या लढाईत सर्वाधिक मारा सोसणाऱ्या तुकड्यांत आयोवाच्या पलटणी होत्या. जुलैमध्ये आणखी तीन लाखांची मागणी आली, ऑगस्टमध्ये पुन्हा तीन लाखांची. पावणेसात लाख वस्तीच्या आयोवाने युद्ध संपेपर्यंत सुमारे ७६,००० माणसे दिली. गावोगावी तरुण हात कमी पडू लागले.

५/
भरतीची वयोमर्यादा होती १८ ते ४५. पंचेचाळिशी ओलांडली की माणूस मोकळा. त्याला कोणी बोलावत नव्हते. मिसिसिपीच्या काठावरील मस्कटीन येथील जॉर्ज किंकेड यांनी या सुटलेल्या माणसांकडे पाहिले. त्यांची कल्पना सरळ होती : तुरुंग, कोठारे, रेल्वे आणि पूल राखण्यात हजारो धडधाकट तरुण अडकून पडले आहेत, ते काम वृद्धांवर सोपवा आणि तरुणांना आघाडीवर जाऊ द्या. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी या खास पलटणीस परवानगी दिली. किंकेड तिचे कर्नल झाले.

६/
या कल्पनेत कागदावर न लिहिलेला आणखी एक संदेश होता. पांढऱ्या केसांची माणसे गावच्या रस्त्यावरून कवायत करीत निघाली, तर ओट्यावर बसलेल्या पंचविशीतल्या तरुणाने मान कोठे लपवावी? वृद्धांची पलटण पहाऱ्याच्या कामासाठी होती हे खरे. पण ती चालतीबोलती भरतीची जाहिरातही होती. शासन एखाद्याच्या निष्ठेचा स्वीकार करते आणि त्याच वेळी तिचा वापरही करते, ही गोष्ट युद्धाच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसते. या पलटणीकडे पाहताना दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्या लागतात.

७/
१५ डिसेंबर १८६२ रोजी मस्कटीन येथे ‘३७वी आयोवा स्वयंसेवक पायदळ रेजिमेंट’ तीन वर्षांच्या बोलीवर रीतसर सैन्यात दाखल झाली. दहा कंपन्या, नऊशेहून अधिक माणसे, बहुतेक शेतकरी. पंचेचाळिशीच्या पुढचेच लोक घ्यायचे, हाच पलटणीचा नियम. साठी उलटलेले कितीतरी होते, सत्तरीतलेही होते आणि एक ऐंशीचा होता. लोकांनी तिला नाव दिले ‘ग्रेबिअर्ड रेजिमेंट’, म्हणजे करड्या दाढीची पलटण.

८/
त्या काळी शिपाई होणे म्हणजे काय, हे दातांवरून कळते. बंदुकीची दारू आणि गोळी कागदी काडतुसात गुंडाळलेली असे. ते काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. म्हणून समोरचे दात नसलेल्या उमेदवारास एरवी भरतीत नाकारले जाई. रोजच्या शिध्यात हार्डटॅक नावाचे विटेसारखे कडक बिस्कीट, खारवलेले डुकराचे मांस, घेवडा आणि कॉफी. साठीतल्या माणसाने हे बिस्कीट कॉफीत भिजवून खायचे, जवळपास चार किलोंची बंदूक खांद्यावर घ्यायची आणि रात्रीच्या थंडीत पहारा द्यायचा. महिन्याला पगार १३ डॉलर.

९/
जानेवारी १८६३च्या आरंभी पलटण सेंट लुईस येथे पोहोचली. हा काळ महत्त्वाचा आहे. १ जानेवारीलाच लिंकनचा मुक्तिजाहीरनामा अमलात आला होता. परंतु तो बंडखोर भागापुरताच होता. मिसुरी हे संघराज्यात राहिलेले गुलामगिरीचे राज्य असल्याने तेथे तो लागू नव्हता. म्हणजे संघराज्य वाचवायला निघालेल्या या वृद्धांची पहिली नेमणूक अशा शहरात झाली, जेथे माणसाची मालकी अजूनही कायदेशीर होती. शहरातील लष्करी तुरुंग आणि बराकी राखणे हे त्यांचे काम. त्या तुरुंगांत दक्षिणेचे युद्धकैदी होते, तसेच दक्षिणेशी संधान बांधल्याच्या संशयावरून पकडलेले नागरिकही होते.

१०/
कर्टिस किंगची शिपाईगिरी येथेच संपली. मार्च १८६३मध्ये त्याला शारीरिक अक्षमतेमुळे सेवामुक्त करण्यात आले. भरती ते निवृत्ती, जेमतेम चार महिने. त्याने एकही लढाई पाहिली नाही. पराक्रमाच्या शोधात निघालेला वाचक येथे थोडा खट्टू होईल. माझेही प्रथम तसेच झाले होते. पण किंगची पलटण पुढे सव्वादोन वर्षे चालत राहिली, आणि तिचे पुढे काय झाले ते पाहिल्यावर त्या चार महिन्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

११/
मे १८६३च्या अखेरीस पलटणीला मिसुरीतील पॅसिफिक रेल्वेच्या मार्गावर पाठवले गेले. मिसुरीत तेव्हा गनिमी टोळ्यांचा सुळसुळाट होता. पूल जाळणे, रूळ उखडणे, गाड्या लुटणे हे नित्याचे. लोहमार्गावर लहान लहान गट करून, उन्हापावसात तंबू ठोकून राहावयाचे. हलके काम म्हणून ज्याची कल्पना केली होती, ते प्रत्यक्षात असे होते. यापुढे ही पलटण एका जागी फार काळ राहिली नाही : मिसुरी, इलिनॉय, टेनेसी, इंडियाना, ओहायो.

१२/
जुलैअखेर ती इलिनॉयमधील ऑल्टन येथे आली. तेथील लष्करी तुरुंग म्हणजे राज्याने १८६०मध्ये बंद केलेले जुने कारागृह. युद्धकैद्यांची संख्या वाढल्यावर १८६२मध्ये तेच पुन्हा उघडण्यात आले. दाटीवाटी, ओल आणि घाण. देवीची साथ इतकी पसरली की रोग्यांना मिसिसिपीतील एका बेटावर हलवावे लागले. मरणाऱ्यांना तेथेच पुरत. पुढे त्या बेटाला देवीचे बेट असेच नाव पडले. ऑल्टनमध्ये मरण पावलेल्या दक्षिणी कैद्यांच्या स्मारकावर आज १,३५४ नावे कोरलेली आहेत. या भिंतींवर जवळपास सहा महिने करड्या दाढीच्या पलटणीचा पहारा होता. रोगाला भिंतीचे आत-बाहेर कळत नाही.

१३/
जानेवारी १८६४मध्ये पलटण रॉक आयलंड येथे गेली. हे मिसिसिपीतील बेट; त्यावर नुकतीच युद्धकैद्यांची छावणी उभारली होती. युद्ध संपेपर्यंत तेथे १२,०००हून अधिक कैदी आले आणि त्यांतील एकोणीसशेहून अधिक परत गेले नाहीत. बेटाच्या एका बाजूस इलिनॉय, दुसऱ्या बाजूस आयोवातील डॅव्हनपोर्ट. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या वृद्धाला नदीपलीकडे आपल्याच राज्याचा काठ दिसत असे. मस्कटीन तेथून नदीच्या खालच्या अंगाला फार तर पन्नास किलोमीटर. घर इतके जवळ, आणि जाता येत नाही.

१४/
या छावणीचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. कुंपणाच्या आत विशी-पंचविशीतील दक्षिणी तरुण, अंगावर विरलेले कपडे, उत्तरेकडच्या हिवाळ्याची सवय नाही. बाहेर साठीतले शेतकरी, ज्यांचे स्वतःचे मुलगे त्याच वेळी टेनेसीत वा व्हर्जिनियात लढत होते. काही दक्षिणेच्या तुरुंगांत असतील. ठरवून दिलेली रेषा ओलांडणाऱ्या कैद्यावर गोळी झाडण्याचा पहारेकऱ्यास हुकूम असे. दुसऱ्याच्या मुलावर बंदूक रोखून उभे राहायचे, आणि आपल्या मुलावर कोण बंदूक रोखून उभा असेल याचा विचार करायचा. यादवी युद्ध या शब्दाचा अर्थ रणांगणापेक्षा अशा जागी अधिक स्पष्ट होतो.

१५/
जून १८६४मध्ये त्यांना दक्षिणेकडे, टेनेसीतील मेम्फिस येथे धाडले. हिवताप, उकाडा, दलदल. त्या सुमारास जनरल ए. जे. स्मिथ यांचे सैन्य नेथन बेडफर्ड फॉरेस्टच्या घोडदळावर चाल करून निघाले होते. त्यांची रसद रेल्वेने जात होती आणि या गाड्यांवर पहारा करड्या दाढीच्या पलटणीचा. ५ जुलै १८६४ रोजी अशाच एका गाडीवर गनिमी टोळीने गोळीबार केला. छपरांवर, डब्यांवर बसलेल्या वृद्धांनी उलट गोळ्या झाडल्या. काही जण मारले गेले, काही जखमी झाले. या पलटणीच्या आयुष्यात ज्याला लढाई म्हणता येईल असा प्रसंग जवळजवळ हा एवढाच.

१६/
आता आकडे. सबंध सेवाकाळात शत्रूच्या गोळीने मेलेले : ३. रोगाने मेलेले : १४५.
हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी रकाने उलटे वाचले असे मला वाटले. पुन्हा तपासले. बरोबर होते. एका गोळीमागे अठ्ठेचाळीस आजारी मृत्यू. शिवाय साडेतीनशेहून अधिक माणसे किंगप्रमाणेच अक्षम ठरवून घरी पाठवली गेली. म्हणजे नऊशेच्या पलटणीतील अर्ध्याहून अधिक माणसे मृत्यूने किंवा दुखण्याने गळून पडली, तेही आघाडीवर एक दिवस न लढता.

१७/
असे का झाले? जंतूंमुळे रोग होतात हे ज्ञान वैद्यांपर्यंत अजून पोहोचायचे होते. जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख १८६७चे, युद्ध संपल्यानंतरचे. छावणीत पिण्याची विहीर आणि शौचाचे चर शेजारी असत. आव आणि अतिसार हे दोन्ही सैन्यांचे सर्वांत मोठे शत्रू. त्यात विखुरलेल्या शेतांवर आयुष्य काढलेली माणसे शेकडोंच्या संख्येने एका बराकीत कोंबली गेली. तरुण शरीर जो अतिसार आठवड्यात झटकून टाकते, तो साठीतल्या माणसाला घेऊन जातो. वय हे शौर्य कमी करीत नाही. पण ते शरीराची शिल्लक कमी करते.

१८/
ही पलटण अपवाद नव्हती, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. उत्तरेच्या सैन्यातील सुमारे ३,६०,००० मृतांपैकी जवळपास दोनतृतीयांश रोगाने गेले. गेटिसबर्ग, अँटिएटम, शायलो ही नावे आपण पाठ करतो. परंतु बहुतांश शिपायांचा मृत्यू छावणीच्या खाटेवर, ओल्या पेंढ्यावर झाला. करड्या दाढीच्या पलटणीत हे सत्य केवळ ठळक होऊन दिसते. लढाईचा नकाशा बाजूला केला, की मागे युद्धाचे जे खरे रोजचे रूप उरते, ते या पलटणीचे आहे.

१९/
पहाऱ्याचे काम दुबळ्या शरीरांवर सोपवण्याची कल्पना पुढे फोफावली. एप्रिल १८६३मध्ये सरकारने जखमी व अपंग सैनिकांचे ‘इन्व्हॅलिड कोअर’ उभारले. त्याची आद्याक्षरे ‘आय. सी.’ दुर्दैवाने सैन्यात बाद ठरवलेल्या मालावरही हाच शिक्का मारत. त्याचा अर्थ ‘तपासले, टाकाऊ ठरले’. हात-पाय गमावलेल्या सैनिकांची या अक्षरांवरून इतकी टिंगल झाली, की मार्च १८६४मध्ये नाव बदलून ‘व्हेटरन रिझर्व्ह कोअर’ करावे लागले. पहारा देणाऱ्याकडे समाज कसा पाहत होता, हे या एका शिक्क्यातून कळते.

२०/
१८६५च्या वसंतात पलटणीच्या काही कंपन्या सिनसिनाटी येथे होत्या. तेथील सेनाधिकारी होते जनरल ऑगस्ट विलिच. हे मूळचे प्रशियाचे लष्करी अधिकारी. नोकरी सोडून १८४८-४९च्या जर्मन क्रांतीत उतरले. बाडेनच्या उठावात खुद्द फ्रिडरिश एंगल्स त्यांचे सहायक होते. पुढे मार्क्सशी फाटले आणि ते अमेरिकेत आले. या जुन्या क्रांतिकारकाने करड्या दाढीच्या पलटणीला लवकर घरी सोडावे अशी शिफारस केली. त्यात त्यांनी नमूद केले, की या पलटणीतील माणसांचे १,३००हून अधिक मुलगे आणि नातू संघराज्याच्या सैन्यात आहेत.

२१/
नऊशे वृद्ध आणि त्यांचे तेराशे मुलगे-नातू. ही माणसे भरती का झाली, याचे उत्तर मला या आकड्यात सापडते. देशभक्ती होतीच, गुलामगिरीविषयीचा संतापही अनेकांत असेल. पण ज्या घरातून एक, दोन, तीन मुले गेली आहेत, त्या घरातील बापाला शेकोटीपाशी बसून पत्राची वाट पाहणे असह्य होत असेल. एका तुरुंगाच्या दारावर आपण उभे राहिलो, तर एक तरुण तेथून मोकळा होईल. तो आपल्या मुलाच्या शेजारी जाऊन उभा राहील. हा हिशेब कोणत्याही घोषणेपेक्षा जवळचा आहे.

२२/
२४ मे १८६५ रोजी डॅव्हनपोर्ट येथे, रॉक आयलंडच्या त्याच बेटासमोर, पलटण विसर्जित झाली. यानंतरची एक गोष्ट मात्र मनाला लागते. १८६२च्या कायद्याने सेवेत पूर्णतः अपंग झालेल्या साध्या शिपायास महिना ८ डॉलर मिळत. पण वार्धक्य हेच निवृत्तिवेतनाचे कारण मानले जाऊ लागले ते १९०४मध्ये, थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशाने : वय ६२ झाले की तो माजी सैनिक अंशतः अक्षम समजावा. करड्या दाढीच्या पलटणीतील सर्वांत धाकटा शिपाई १९०४ साली सत्त्याऐंशीच्या आसपासचा असता. ज्या वयात त्यांनी बंदूक उचलली होती, ते वय शासनाने निवृत्तीचे ठरवले. पण तोवर त्यांतील जवळजवळ कोणी उरले नव्हते.

२३/
या माणसांना दैवत करावे असे मला वाटत नाही. त्यांना तुरुंग राखण्यास पाठवणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न १४५ थडग्यांसमोर विचारलाच पाहिजे. ज्या जमिनीवर त्यांनी शेती केली ती कोणाकडून घेतली होती, हेही विसरता येत नाही. परंतु कर्टिस किंगचे चार महिने वाया गेले, असेही मी आता म्हणणार नाही. त्या हिवाळ्यात सेंट लुईसच्या एका दारावर कोणीतरी उभे राहणे भागच होते. तो उभा राहिला, शरीराने साथ सोडेपर्यंत.

२४/
युद्धाचा इतिहास वाचताना आपण लढाईच्या तारखेवर बोट ठेवतो. यापुढे एक सवय लावून घेऊ : दोन तारखांच्या मधली जागाही वाचायची. तेथे कोठार राखणारा, पूल राखणारा, कैदी राखणारा आणि आव होऊन मरणारा शिपाई असतो. संख्येने तोच सर्वांत मोठा आहे. करड्या दाढीच्या पलटणीने कोणतीही लढाई जिंकली नाही; पण युद्ध म्हणजे काय, हे सांगणाऱ्या मोजक्या पलटणींत तिचे नाव घ्यावे लागेल.

(धागा समाप्त)